माणूस शोधण्याची मजुरी

परवा उद्योजकांच्या एका मेळाव्यात एका वक्त्यांनी ठासून सांगितले, "नोकरभरती बाहेरच्या कन्सल्टन्सीकडे देणारा मालक एक तर आळशी असतो, नाहीतर त्याला पैशाची किंमत नसते." टाळ्या पडल्या. भोसरीच्या कारखान्यात बावीस वर्षे कार्मिक विभाग सांभाळल्यावर हे ऐकून गप्प बसणे मला जमत नाही.

त्यांचे म्हणणे एवढेच: देशात बेकारी इतकी आहे की जाहिरात टाकली की अर्जांचा ढीग पडतो. मग मधल्या दलालाला पैसे कशाला? तो सीव्ही पुढे ढकलण्यापलीकडे करतो काय? त्यात कंपनीची गुपिते बाहेर जातात, आणि परक्याला आपल्या घराची रीत कळत नाही ती नाहीच.

गुपितांचे आधी. खुर्चीवर बसलेल्या मॅनेजरच्या जागी दुसरा शोधायचा असेल, तर जाहिरात देऊन गुपित राहते का? तिथे कंपनीचे नाव न सांगता चौकशी करणारा बाहेरचाच लागतो. घराच्या रीतीचे म्हणाल, तर शेवटची मुलाखत मालकच घेतो. ती त्याने डोळे उघडे ठेवून घ्यावी.

आता ढीग. सगळा घोटाळा या शब्दात आहे. अर्ज भरपूर आले म्हणजे माणसे भरपूर मिळाली, हे गृहीत ज्यांनी कधी तो ढीग उपसला नाही त्यांचेच असू शकते. आम्हाला एकदा क्वालिटी इंजिनीअर हवा होता. सीएमएम मशीनवर मापे घेणारा, ग्राहकाला द्यायची पीपीएपीची कागदपत्रे स्वतः तयार करणारा. वॉक-इन गुरुवारी ठेवला, कारण आमच्या भागाची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि कामावर असलेला माणूस त्याच दिवशी मोकळा. रांग गेटबाहेर गेली. मी प्रत्येकापुढे एक ड्रॉइंग ठेवत होतो आणि एका खुणेवर बोट ठेवत होतो: वर्तुळ आणि त्यातून आरपार गेलेल्या दोन रेषा. भोकाची जागा किती सरकलेली चालेल, हे सांगणारी ती खूण. पदवी सगळ्यांकडे होती. खुणेचा अर्थ नीट सांगणारा एकही भेटला नाही. असे तीन गुरुवार गेले. प्लांट हेड माझ्या शेजारी बसून होते आणि त्यांची स्वतःची कामे तुंबत होती. या तीन दिवसांचे पैसे वक्त्यांच्या हिशेबात कुठल्या रकान्यात येतात?

शेवटी चिंचवडमध्ये एका खोलीत कन्सल्टन्सी चालवणाऱ्या बाईंना फोन केला. त्यांच्याकडे एक जाड वही होती. त्यातली एक नोंद त्यांनी मला वाचून दाखवली: चाकणला आहे, काम चोख, रांजणगावला जाणार नाही, मुलगी दहावीला, मार्चनंतर विचारणे. मार्च उलटला होता. त्या माणसाने कुठेही अर्ज केलेला नव्हता, आमची जाहिरातही पाहिलेली नव्हती. तो आपल्या कामात गर्क होता. ज्याला काम येते तो बहुधा असाच कुणाच्या तरी शॉपफ्लोअरवर असतो, रांगेत नसतो. मी त्याला थेट फोन केला असता, तर त्याचा मालक उद्या असोसिएशनच्या बैठकीत माझ्या मालकांसमोर उभा राहिला असता. पुढे तीन महिन्यांचा नोटीस पिरिअड होता. जुन्या कंपनीने पगार वाढवून देऊ केला, घरचे कचरले. बाई दर आठवड्याला फोन करत राहिल्या. तो रुजू झाला. याला कुणी सीव्ही ढकलणे म्हणत असेल, तर त्याने हे काम एकदा करून पाहावे.

राहिला 'दलाल' हा शब्द. ही शिवी जुनी आहे आणि ती कुणाला शोभत होती तेही सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हातात असे. तो आपल्या गावची, आपल्या नात्याची माणसे आणी आणि कामाला लावण्याबद्दल त्यांच्याकडूनच दस्तुरी घेई. 1929 साली नेमलेल्या सरकारी आयोगाने 1931 च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली. आणि आमचे विरोधक उपाय कोणता सुचवतात? "आपल्याच कामगारांना विचारा, ते ओळखीची माणसे आणतील." म्हणजे जॉबर मागच्या दाराने परत! हा वाद मी पंधरा वर्षांपूर्वीही घातला होता. तेव्हाही 'घरची माणसे' म्हणून कौतुक झाले होते, आणि एका खात्यात एकाच गावची माणसे भरल्यावर गावच्या जत्रेला ते खाते बंद पडू लागले.

कन्सल्टन्सीचा पैसा मालक देतो, उमेदवार नव्हे. फरक इथेच आहे. आपल्याकडे दर बहुधा वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, वर 18 टक्के जीएसटी. तोही बहुतेक ठिकाणी माणूस रुजू झाल्यावर. आणि तो ठरलेल्या मुदतीत सोडून गेला तर दुसरा शोधून देण्याची हमी. उमेदवाराकडून पैसे उकळणारे आहेत, हे मी नाकारत नाही. त्यांना तुरुंगात घाला. परदेशी नोकऱ्यांसाठी 1983 च्या कायद्याने भरती-एजंटांना नोंदणी सक्तीची केली, ती अशाच लुबाडणुकीला आळा घालायला.

माझे म्हणणे साधे आहे. शिपाई, पॅकर, हेल्पर यांच्यासाठी गेटवर पाटी लावा, पुरते. पण ज्या जागेवरचा माणूस चुकला तर अख्खा लॉट परत येतो, ती जागा शोधणाऱ्याकडे द्या, आणि त्याची मजुरी कुरकुर न करता द्या. मुलगी दहावीला आहे, मार्चनंतर विचारणे, एवढी नोंद ज्याने वर्षभर जपली, त्याने ती मजुरी कमावलेली असते.