आकाशगंगा घ्यायची, पण किती तुकड्यांत?

स्टीमचा हिवाळी सेल आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू होतो. हॉस्टेलचं वायफाय नेमकं तेव्हाच रांगायला लागतं, तरी पान उघडायची घाई प्रत्येकाला असते. कित्येक महिने विशलिस्टमध्ये पडून असलेला ‘स्टेलारिस’ एकदाचा स्वस्त झालेला असतो. तुम्ही खुशीत तो कार्टमध्ये टाकता, पान जरा खाली सरकवता आणि तिथे यादी सुरू होते. युटोपिया, अपोकॅलिप्स, मेगाकॉर्प, फेडरेशन्स, द मशीन एज, बायोजेनेसिस... यादी काही संपत नाही. सगळं मिळून किती होतात ते बघितलं की थेट मेसचं बिल आठवतं.

मग यातलं नक्की घ्यायचं काय? प्रश्न एका गेमचा वाटतो. पण एकदा विकत घेतला की गेम आपला झाला, हे गणितच गेल्या वीस वर्षांत बदललंय. आणि त्या बदलाचं बिल तुमच्या-आमच्यासारख्या पॉकेटमनीवाल्यांकडेही येतं.

एकच गेम, वीसहून जास्त तुकडे

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘स्टेलारिस’ हा अंतराळातला स्ट्रॅटेजी गेम. एका ग्रहापासून सुरुवात करायची, शेजारचे तारे धुंडाळायचे, वसाहती वसवायच्या, शेजाऱ्यांशी मैत्री नाहीतर युद्ध करायचं. स्वीडनच्या पॅरडॉक्स कंपनीने तो मे २०१६ मध्ये आणला. तेव्हापासून त्याला लहानमोठ्या वीसहून जास्त डीएलसी, म्हणजे वेगळे पैसे देऊन घ्यायच्या जोडण्या, आल्यात.

पैसे देऊन जोडणी घेण्याची ही रीत जुनीच. पण तिच्यावर पहिला मोठा गदारोळ झाला २००६ मध्ये. ‘ऑब्लिव्हियन’ या गेममध्ये घोड्याला घालायचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं होतं. दिसण्यापलीकडे फारसा उपयोग नसलेल्या वस्तूचे पैसे कोण देणार, म्हणून लोक हसले. आज ते चिलखत विनोदात उरलंय आणि तशी विक्री मात्र सगळीकडे आहे.

पॅरडॉक्सचं मॉडेल याहून गुंतागुंतीचं आहे. त्यांची मोठी डीएलसी येते तेव्हा सोबत एक फुकट अपडेटही येतं आणि ते मूळ गेम घेतलेल्या प्रत्येकाला मिळतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘अपोकॅलिप्स’सोबत आलेल्या अपडेटने ताऱ्यांमधल्या प्रवासाची पद्धत बदलली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘मेगाकॉर्प’ आलं आणि ग्रहांचं अख्खं अर्थकारण नव्याने मांडलं गेलं. मे २०२५ मध्ये ‘बायोजेनेसिस’सोबतच्या ४.० अपडेटने लोकसंख्येचा हिशोब पुन्हा बदलला. म्हणजे २०१६ मध्ये ज्याने एकदाच पैसे दिले, त्याच्याकडे आज जवळजवळ वेगळाच गेम आहे आणि त्यासाठी त्याने एक पैसाही जास्त दिलेला नाही. ती सगळी दुरुस्ती डीएलसी घेणाऱ्यांच्या पैशांवर चालते.

त्यामुळे ‘कंपनी नुसती लुटते’ असं म्हणणं सोपं असलं तरी पुरतं खरं नाही. पण ‘कंपनी किती देते बघा’ हेही अर्धंच. कारण नवीन साम्राज्य तयार करायच्या स्क्रीनवर कुलूप लागलेले पर्याय तुम्हाला दिसत राहतात. ही सुरुवात हवी? अमुक डीएलसी घ्या. हा स्वभाव हवा? तमुक घ्या. तुमच्याकडचा गेम पूर्ण असतो, खेळताही येतो, तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. ही रुखरुखच खरं तर विकली जाते.

माझी सहा डीएलसींची गोष्ट

हे मी पोटतिडकीने लिहितेय, कारण यात मीही फसलेय आणि मला कोणी फसवलेलं नव्हतं. मागच्या एका सेलमध्ये पहिल्या इंटर्नशिपचा स्टायपेंड हातात होता. मी एकदम सहा डीएलसी घेतल्या. किती वाचले ते रूममेटला अभिमानाने सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “वाचलेले दाखव.” त्या महिन्याचे शेवटचे दहा दिवस मी संध्याकाळी वडापाववर काढले.

त्या सहापैकी मी आजवर नीट खेळलेय दोनच. बाकीच्या चार गेममध्ये आहेत, पण त्यांच्यापर्यंत मी पोचलेच नाही. हा गेम इतका लांबतो की एक डाव संपायला वीस-पंचवीस तास सहज जातात. सबमिशन, प्रॅक्टिकल, लोकलचा प्रवास यातून महिन्याला किती तास उरतात? एका सेमिस्टरमध्ये दोन डाव झाले तरी खूप झालं. सूट बघताना मी रुपये मोजले, तास मोजलेच नाहीत.

मग घ्यायचं काय?

आधी फक्त मूळ गेम घ्या आणि एक अख्खा डाव खेळा. कुठे रमता ते त्यात कळतं. मग त्याप्रमाणे एक डीएलसी निवडा. माझ्या मते हिशोब असा:

• काहीतरी भव्य बांधायला आवडत असेल तर ‘युटोपिया’. २०१७ची आहे, पण अजून बहुतेकांची पहिली पसंती हीच. ताऱ्याभोवती उभारलेला डायसन स्फिअर यात बांधता येतो. ही कल्पना फ्रीमन डायसन या भौतिकशास्त्रज्ञाने १९६० मध्ये मांडली होती.
• मैत्री, करार, आघाड्या यात मजा येत असेल तर ‘फेडरेशन्स’. आकाशगंगेची सभा फुकट अपडेटमध्येच मिळते, हे मात्र आधी लक्षात घ्या.
• धंदा करायचा असेल तर ‘मेगाकॉर्प’. शेजाऱ्याच्या ग्रहावर आपली शाखा काढून नफा घरी आणायचा.
• यंत्रमानवांचं राज्य हवं असेल तर ‘सिंथेटिक डॉन’ किंवा नंतर आलेली ‘द मशीन एज’. दोन्ही एकदम घ्यायची गरज नाही.
• युद्धच हवं असेल तर ‘अपोकॅलिप्स’. अख्खा ग्रह फोडणारं जहाज यात मिळतं.
• गोष्टी वाचायला आवडत असेल तर ‘लेव्हायथन्स’, ‘डिस्टंट स्टार्स’, ‘एन्शंट रेलिक्स’. या लहान आणि तुलनेने स्वस्त.
• नव्या प्रजातींचे पॅक सगळ्यात शेवटी. दिसायला छान आहेत, पण थांबू शकतात.

ग्रुपने खेळत असाल तर अजून एक गोष्ट. मल्टिप्लेअरमध्ये जो डाव होस्ट करतो त्याच्याकडच्या मोठ्या डीएलसी त्या डावापुरत्या सगळ्यांना वापरता येतात. म्हणजे मूळ गेम प्रत्येकाकडे हवा, डीएलसी एकाकडे असली तरी भागतं. गणपतीला वर्गणी काढता ना, तशी काढा. फक्त होस्ट भांडकुदळ नसावा.

दुसरा मार्ग सबस्क्रिप्शनचा. ठरावीक महिन्यांचे पैसे भरले की सगळ्या डीएलसी उघडतात, मुदत संपली की बंद. मे-जूनच्या सुट्टीत रोज खेळणार असाल तर हे परवडतं. सेमिस्टर चालू असताना घेतलंत तर न वापरलेल्या जिमच्या फीसारखं होईल.

परताव्याचा नियमही वाचून ठेवा. डीएलसी घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि त्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीमवर पैसे परत मागता येतात. अडचण एवढीच की या गेममध्ये दोन तास कधी उलटतात ते कळत नाही. तेव्हा घड्याळ लावून बसा.

थांबण्यातही ताकद असते

‘आपण एकटे न घेतल्याने काय होणार’ असं वाटेल. पण अलीकडची उदाहरणं बघा. २०१७ मध्ये पॅरडॉक्सने अनेक देशांतल्या किमती वाढवल्या. खेळाडूंनी स्टीमवर नापसंतीचे रिव्ह्यू लिहायला सुरुवात केली, तेव्हा वाढ मागे घ्यावी लागली. २०२१ मध्ये ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ची ‘लेव्हायथन’ ही डीएलसी इतक्या चुकांसह आली की स्टीमवर तिचं रेटिंग पार तळाला गेलं. मार्च २०२४ मध्ये ‘सिटीज: स्कायलाइन्स २’ची ‘बीच प्रॉपर्टीज’ आली. मूळ गेमच नीट चालत नसताना वर त्याची डीएलसी, म्हणून लोक भडकले. महिन्याभरात माफी आली, पैसे परत करायचं ठरलं आणि ती फुकट झाली.

यातून दोन गोष्टी दिसतात. पहिल्या दिवशी डीएलसी घेणारा माणूस पैसे देऊन टेस्टिंग करत असतो. ‘स्टेलारिस’चं ४.० अपडेट आलं तेव्हाही सुरुवातीला तक्रारी खूप होत्या आणि दुरुस्त्या नंतर येत राहिल्या. दोन-तीन महिने थांबलं तर दुरुस्त झालेली वस्तू मिळते, बहुतेकदा स्वस्तही मिळते. पॅरडॉक्सने आपल्या इतर काही गेम्समध्ये जुन्या डीएलसी मूळ गेममध्येच सामावून घेतल्यात, तेही थांबणाऱ्यांच्याच पथ्यावर पडलंय. दुसरी गोष्ट, कंपनी रिव्ह्यू वाचते. आवडलं तरी लिहा, नाही आवडलं तरी कारणासकट लिहा.

किमतींचंही तसंच. स्टीमवर आपल्याला रुपयांत दर दिसायला लागले २०१५च्या शेवटी. प्रत्येक देशातला दर गेम काढणारी कंपनी ठरवते आणि तो कायमचा नसतो. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानातल्या खेळाडूंसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थानिक चलन बंद होऊन डॉलर आला आणि बऱ्याच गेम्सच्या किमती तिथे एकदम चढल्या. आपल्याकडचा रुपयातला दर ही एक सवलत आहे, हे त्यावरून कळतं. पण दर रुपयांत आहे म्हणून तो स्वस्त होत नाही. स्टॉकहोममध्ये पार्ट टाइम काम करणाऱ्या मुलाला एका डीएलसीसाठी किती तास राबावं लागतं आणि पुण्यात स्टायपेंडवर जगणाऱ्या मुलीला किती, हा हिशोब सेलच्या पानावर दिसत नाही. तो तुम्हालाच करायचाय.

गंमत म्हणजे हा धडा गेम स्वतःच देतो. ‘स्टेलारिस’मध्ये नवनवे ग्रह घेत सुटलात तर साम्राज्याचा पसारा वाढतो आणि पुढचा प्रत्येक शोध महाग होत जातो. आरमार ऐपतीपेक्षा मोठं झालं की देखभालीचा खर्च खजिना खातो. चांगला खेळाडू आधी बघतो की आहे तेवढं आपल्याला पोसवतंय का.

तेव्हा पुढच्या सेलच्या रात्री कार्ट भरा, पण पैसे लगेच भरू नका. हिवाळी सेल दोन आठवडे तरी असतो. सकाळी उठून प्रत्येक डीएलसीपुढे एकच आकडा लिहा, या सेमिस्टरमध्ये ही मी किती तास खेळणार? जिच्यापुढे शून्य येईल ती काढून टाका. माझ्या कार्टमध्ये या वेळी एकच उरलीय, ‘फेडरेशन्स’. आणि तीही माझ्या त्या चार न उघडलेल्यांपैकी एक डाव खेळून झाल्यावरच.