हिशेब हातांच्या विद्येचा

आपल्या घरातील मुलगा अभियंता झाला, की पुढची वाट जणू ठरलेलीच असते. मोठे शहर, मोठी कंपनी, मोठा पगार. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीही आरंभी हीच वाट चोखाळली. मुंबईत तंत्रशिक्षण, अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची अन्नतंत्रज्ञानातील डॉक्टरेट, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत सेवा आणि नंतर हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात अभियांत्रिकीची धुरा. ही प्रतिष्ठा बाजूला ठेवून १९८३ मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी विज्ञान आश्रम उभारला.

शाळा सोडणारे मूल मंद नसते, त्याला हातांनी शिकायचे असते, ही त्यांची धारणा. म्हणून वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन हेच तेथे पाठ्यपुस्तक झाले. विद्यार्थ्यांनी गावाची खरी कामे करावीत, त्यांचे मोल घ्यावे आणि खर्चाचा हिशेबही मांडावा, अशी रीत पडली. पुढे हाच विचार माध्यमिक शाळांत पूर्वव्यावसायिक विषय म्हणून पोहोचला. कलबाग २००३ मध्ये निवर्तले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना हस्तकौशल्याचे ठेवले, तेव्हा पाबळची आठवण होणे स्वाभाविक होते.

अहेरी परिसरात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. प्राणहितेकाठी भात, मोह, तेंदू आणि सागवान आहे, शेजारच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडचे लोहखनिज आहे. संपत्ती येथली, परंतु ती हाताळण्याचे कौशल्य बाहेरून यायचे असेल, तर स्थानिक तरुणाच्या वाट्याला केवळ अंगमेहनत उरेल. बँकेच्या सेवेत कर्जप्रकरणे तपासताना एक गोष्ट मनावर ठसली : यंत्रासाठी भांडवल मिळते, पण ते बंद पडल्यावर गावातच दुरुस्त करणारा हात नसेल, तर हप्ता थकतोच.

वाचकहो, आपल्या दुकानात, गिरणीत वा गोदामात एखाद्या होतकरू मुलाला आठवड्यातून एक दिवस काम शिकू द्यावे. वजनकाटा, मोटार, मालाची नोंद, जमाखर्च, जे आपल्याला येते ते त्याला द्यावे. त्याच्या श्रमाचा योग्य मोबदलाही द्यावा. पिढ्यान्पिढ्या आपण पेढीवर बसूनच व्यापार शिकलो. तीच पद्धत शेजारच्या मुलासाठी खुली करण्यास फारसे भांडवल लागत नाही.