कुत्रा आपला, तर जबाबदारीही आपलीच

जुलै २०२५ मध्ये मानखुर्दची एक चित्रफीत आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर येऊन गेली. उभ्या रिक्षात ११ वर्षांचा मुलगा आणि त्याच्याजवळ पिटबुल. मूल भेदरलेले आणि कुत्र्याचा मालक समोर बसून हसतो आहे. कुत्र्याने मुलाच्या हनुवटीला चावा घेतला. मदत मागूनही कोणी आले नाही, लोक व्हिडिओ काढत राहिले, असे त्या मुलाने नंतर सांगितले. वडिलांच्या तक्रारीवरून पोलिसांनी मालकावर गुन्हा नोंदवला. हे कोणा परक्यांच्या वस्तीत घडले नाही. म्हणून त्यावर आपणच आपल्याशी बोलायला हवे.

पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो यांची पिल्ले सध्या हौसेने घेतली जातात. रीलमध्ये ती छान दिसतात. वर्षभरात पिल्लाचे दांडगे जनावर होते आणि दोन खोल्यांच्या घरात मावेनासे होते. मग त्याची रवानगी होते शहापूर किंवा मुरबाडकडे. आसनगाव, खर्डी, सरळगाव, टोकावडे या पट्ट्यात मुंबई-ठाणे-भिवंडीकरांची फार्महाऊसे आहेत, त्यात आपल्या लोकांचीही आहेत. तिथे कुत्रा राखणीला ठेवला, की मालकाचे मन मोकळे होते. रविवारी जायचे, फोटो काढायचे, परतायचे.

उरलेले सहा दिवस त्या आवारात कोण असते? राखणदार, त्याची बायको आणि त्यांची मुले. बहुतेकदा हे कुटुंब कातकरी किंवा ठाकूर समाजाचे असते. त्यांनी हा कुत्रा मागितलेला नसतो. त्याला कसे हाताळायचे हेही कोणी शिकवलेले नसते. मालक नाराज होईल या भीतीने ते ‘नको’ म्हणत नाहीत. फाटकाबाहेरच्या रस्त्याने पाड्यावरची मुले शाळेत जातात. आपल्या हौसेचा धोका अशा रीतीने सर्वांत कमी बोलू शकणाऱ्या मुलांच्या वाट्याला जातो. या लेखाचा खरा मुद्दा हाच आहे.

आपल्या घरांमध्ये कुत्र्याची चर्चा एकाच प्रश्नावर सुरू होते आणि तिथेच संपते. घरात कुत्रा चालतो का, फरिश्ते येतात का, कपडे नापाक होतात का? अम्मी ‘नाही’ म्हणते आणि मुलगा कुत्रा गच्चीवर, गोदामात किंवा फार्महाऊसवर नेऊन बांधतो. पाकीचा प्रश्न सुटला असे सर्वांना वाटते. जबाबदारीचा प्रश्न मात्र कोणी विचारलेलाच नसतो. उलट घरच्यांच्या नजरेआड, दिवसभर साखळीला, माणसांची सवय नसलेला कुत्रा जास्त धोकादायक होतो.

दीनने कुत्र्याचा द्वेष शिकवलेला नाही. गुहेत झोपलेल्या तरुणांच्या कथेत उंबऱ्यावर त्यांचा कुत्रा आहे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाल्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. शिकार, गुरे आणि शेत यांच्यासाठी कुत्रा ठेवण्याची मुभा आहे. पण सूरह अंबियामध्ये आणखी एक प्रसंग आहे, ज्याची आठवण फार कमी काढली जाते. कोणाची तरी मेंढरे रात्री दुसऱ्याच्या शेतात शिरली आणि शेत फस्त केले. तो तंटा हजरत दाऊद आणि हजरत सुलेमान यांच्यापुढे आला. दोघांचे निवाडे वेगळे असल्याचे तफसीरकार सांगतात, पण दोन्हींचा पाया एकच होता, नुकसानीची भरपाई मेंढरांच्या मालकाने करायची. ‘जनावराला काय कळते’ ही सबब तिथे चालली नाही. पिकाबद्दल इतकी काळजी असेल, तर मुलाच्या चेहऱ्याबद्दल किती असायला हवी?

शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. म्हशाच्या यात्रेत बैल घेणारा त्याचे दात आणि खूर पाहतो, तसा तो मारका आहे का हेही विचारतो. नाठाळ ढोराच्या गळ्यात लोढणे अडकवतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र तो जितका मारका, तितकी त्याची ऐट, असा उलटा हिशेब आपण करतो.

दोष जातीचा की मालकाचा, हा वाद चालूच राहील. केंद्र सरकारने १२ मार्च २०२४ रोजी २३ जातींच्या आयात, पैदास व विक्रीवर बंदी घालण्याचे पत्रक राज्यांना धाडले. संबंधितांचे म्हणणे न ऐकता काढलेले हे पत्रक पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केले. पण एक गोष्ट वादापलीकडची आहे. कुठलाही कुत्रा चावू शकतो, मात्र ताकदवान जबड्याच्या कुत्र्याची एकच चूक लहान मुलाचे आयुष्य बदलून टाकते. मुलाची उंची अशी असते की चावा तोंडावर किंवा मानेवर येतो.

कायदाही मालकालाच विचारतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार जनावराबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० साली रॉटवायलरने ७२ वर्षांच्या गृहस्थाला चावे घेतले. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने कुत्र्याच्या मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. कुत्र्याला कायम बांधून ठेवून फिरवायलाही न नेणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

तेव्हा ज्यांच्याकडे असे कुत्रे आहेत, त्यांना आमची विनंती साधी आहे. रोज वेळ देता येत नसेल, तर असा कुत्रा घेऊच नका. घेतला असेल, तर रेबीजची लस वेळेवर द्या, नसबंदी करा, जाणकाराकडून शिकवून घ्या. बाहेर नेताना मजबूत पट्टा आणि तोंडाला मुसके असू द्या, आणि पट्टा मोठ्या माणसाच्याच हाती द्या. लहान मुलाला कुत्र्याजवळ एकटे सोडू नका, कुत्रा कितीही ‘आपला’ असला तरी. फार्महाऊसवर कुत्र्यासाठी वेगळे कुंपण घाला आणि राखणदाराला नकार देण्याचा हक्क द्या. त्याने नकार दिला म्हणून त्याची नोकरी जाता कामा नये.

चावा झालाच, तर हळद-चुना लावत बसू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय तातडीने गाठा. लसीचे सर्व डोस पूर्ण करा. खोल जखमेत लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागते, ते डॉक्टरांना आठवणीने विचारा. हा सारा खर्च आणि धावपळ मालकाने स्वतःहून उचलावी, पोलिसांची वाट पाहू नये.

येत्या रविवारी फार्महाऊसवर जाल, तेव्हा आधी राखणदाराच्या खोलीत जा. त्याच्या मुलांना या कुत्र्याची भीती वाटते का, ते विचारा आणि मालक म्हणून नव्हे, बाप म्हणून ऐका. मग फाटक पाहा. तिथे ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी असेल. सहा वर्षांच्या मुलाला ती वाचता येत नाही. त्याच्यासाठी फाटकाला पक्की कडी लागते. नसेल तर त्याच दिवशी बसवून घ्या.