चाकांवरच्या घरातला टी.व्ही.

नागपूरच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. लेक-जावई टेक्सासात असतात. त्यांनी यंदा मोटारहोम घेतली आहे आणि आईबाबांना घेऊन महिना-दीड महिना फिरायचा बेत आहे. बाकी सगळं छान आहे, स्वयंपाकाचा ओटासुद्धा आहे, पण गाडीतला टी.व्ही. काही केल्या लागत नाही, असं त्या लिहितात. "जावई म्हणतात, टी.व्ही. हवाय कशाला, फोन आहे की! पण माझं मन मानत नाही. तुम्ही अशा गाडीतून हिंडून आलात असं मागे तुमच्या लेखात वाचलं होतं, म्हणून विचारते."

विचारलंत ते उत्तम केलंत. एरवी या पानावर आपण लोणच्याला बुरशी का येते आणि पडद्यांवरचे डाग कसे काढावेत याबद्दल बोलतो. पण मोटारहोम म्हणजे शेवटी घरच, आणि आपल्यातल्या कितीतरी जणी लेकीच्या बाळंतपणाला, नातवंडांच्या सुट्टीला तिकडे जाऊन राहतात. माझ्या वन्सं तिकडेच असतात. त्यांच्या गाडीतून सासूबाईंसह आम्ही टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सास असे चांगले पाच आठवडे हिंडलो. शाळेत मी अर्धवेळ भूगोल शिकवते, त्यामुळे डोंगर, मनोरे आणि दिशा यांची ती भानगड मला मनापासून आवडली.

आधी 'हवाय कशाला' याचं उत्तर देते, म्हणजे जावईबापूंनाही वाचून दाखवता येईल. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढे घरोघरी गच्चीवर ॲन्टेना आले, मग केबल आली, डिश आली, आणि मनोऱ्यावरून हवेतून येणारं ते जुनं चित्र आता आपल्याकडे जवळजवळ संपलंच. अमेरिकेत मात्र ते जोरात चालू आहे. एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स, पीबीएस ही सगळी केंद्रं गावोगावच्या मनोऱ्यांवरून आजही फुकट दिसतात. महिन्याचं बिल नाही की इंटरनेट नको. फक्त ॲन्टेना हवा. (सासूबाईंची मराठी मालिका काही त्यावर येत नाही. तिच्यासाठी इंटरनेटच लागतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.)

आणि खरी गरज असते ती हवामानाची. टेक्सासपासून वर नेब्रास्कापर्यंतच्या त्या सपाट पट्ट्यात वसंत ऋतूत, विशेषतः मे महिन्यात, टॉर्नेडो होतात. ढगातून सोंड खाली उतरावी तसं ते वादळ उतरतं. अशा वेळी मोटारहोम ही अगदीच कुचकामी जागा. ती घर असली तरी जमिनीला धरलेली नसते. वेळ आली की गाडी सोडून पक्क्या इमारतीत जायचं. तळावरची सिमेंटची न्हाणीघरं पुष्कळदा त्यासाठीच वापरतात. फोनवर धोक्याची घंटा वाजते हे खरं, पण ती वाजते संकट दाराशी आल्यावर, आणि माळरानावर फोनची रेंज असेलच असंही नाही. स्थानिक केंद्राचा माणूस मात्र दुपारपासून नकाशासमोर उभा राहून वादळ कुठे आहे, कुठल्या बाजूला सरकतंय हे सांगत असतो. अंधार पडायच्या आत निघायचं की थांबायचं, हे आपल्याला शांतपणे ठरवता येतं.

त्यातली एक गोष्ट कुणी सांगत नाही. हा इशारा काउंटीच्या नावानं येतो. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्या-तालुक्यासारखा विभाग. आता, वाटसरू माणसाला आपण कुठल्या गावाजवळ आहोत हे ठाऊक असतं, काउंटीचं नाव कुठून ठाऊक असणार? पडद्यावर चार नावं झळकतात आणि त्यात आपण आहोत की नाही हेच कळत नाही! कॅन्सासमध्ये एका संध्याकाळी आकाश हिरवट काळं झालेलं, खाली नावांची पट्टी सरकतेय, आणि वन्सं चष्मा शोधताहेत. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "पण आपण यातल्या कुठल्यात?" कुणालाच सांगता येईना. शेजारच्या गाडीतल्या आजीबाईंना विचारून आलो, तेव्हा कळलं की आमची काउंटी त्या यादीत नव्हती. त्या दिवसापासून तळावर पोचलं की पहिलं काम कार्यालयात काउंटीचं नाव विचारायचं आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावायचं. शेजारच्या दोन-तीन काउंट्यांची नावंही लिहावीत, कारण वादळ बहुधा तिकडूनच येतं. 'वॉच' म्हणजे हवा तशी झाली आहे, सावध राहा. 'वॉर्निंग' म्हणजे वादळ दिसलं आहे किंवा रडारवर आलं आहे, उठा आणि निघा. हा फरक घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून मुलांपर्यंत सगळ्यांना पाठ हवा.

आता चित्र कसं आणायचं ते पाहू.

लहानपणीचं आठवतं ना? दादा गच्चीवर, आई दारात, आणि आपण टी.व्ही.समोर. "आलं का?" "मुंग्या आहेत!" "आता?" "थोडं डावीकडे!" मोटारहोममध्ये नेमकी हीच पद्धत चालत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी १२ जून २००९ ला जुनं प्रक्षेपण बंद करून सगळं डिजिटल केलं. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. आलं तर आरशासारखं स्वच्छ येतं, थोडं कमी पडलं की चित्राचे चौकोनी तुकडे होतात किंवा ते थिजतं, आणि आणखी कमी पडलं की पडदा काळा. मधलं काही नाहीच. त्यामुळे ॲन्टेना भराभरा फिरवला तर बरोबर दिशा येऊन निघूनही जाते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. थोडा फिरवायचा, अगदी घड्याळाच्या काट्यानं पाच मिनिटं पुढे जावं एवढाच, आणि मग दहापर्यंत आकडे मोजत थांबायचं. बहुतेक टी.व्ही.च्या यादीत सिग्नलचा जोर दाखवणारी पट्टी असते. ती उघडून ठेवली तर फारच सोपं पडतं. कामाची घाई असेल त्या माणसाला हे काम देऊ नये. आमच्याकडे ते सासूबाईंकडे होतं.

ॲन्टेना छपरावर असतो. पुष्कळ गाड्यांवर पंख पसरलेल्या वटवाघळासारखा दिसणारा, विनगार्ड कंपनीचा असतो. गाडीच्या आत छताला एक हँडल असतं, ते रहाटासारखं फिरवलं की ॲन्टेना वर उठतो. मग तिथलीच गोल मूठ जोर लावून खाली ओढायची आणि फिरवायची, म्हणजे वर ॲन्टेना वळतो. नव्या गाड्यांवर गोल, झाकण घातलेल्या परातीसारखा एक प्रकार असतो. तो सगळीकडून थोडं थोडं घेतो, वळवावा लागत नाही. सोय म्हणून ठीक, पण शहरापासून लांब गेलात तर माझी पसंती वळवायच्या ॲन्टेनालाच. एकाच दिशेला कान लावून ऐकणाऱ्याला लांबचं ऐकू येतंच. जुन्या पंखवाल्यांना पुढे आखूड दांड्यांचा एक लहान जोड लावतात. डिजिटल झाल्यापासून पुष्कळ केंद्रं वरच्या, म्हणजे यूएचएफ पट्ट्यात गेली आहेत आणि ती पकडायला या जोडाची मदत होते.

खोलीत खिडकीला चिकटवायचा कागदासारखा ॲन्टेना कुणी भेट दिला, तर तो घरी वापरा. पुष्कळ गाड्यांच्या भिंतींना पत्रा असतो. पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या रेडिओला जेवढं ऐकू येईल तेवढंच त्याला दिसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं बटण. भिंतीवर, बहुधा टी.व्ही.च्या मागे नाहीतर कपाटात, एक छोटं बटण आणि त्याशेजारी बारीक दिवा असतो. तो ॲन्टेनाचा जोर वाढवणारा बूस्टर. दिवा पेटलेला असेल तर टी.व्ही.ला ॲन्टेना जोडलेला असतो, विझलेला असेल तर तळावरची केबल. नागपूरच्या भगिनींनो, तुमच्या गाडीत टी.व्ही. अजिबातच लागत नसेल, तर आधी हा दिवा शोधा. तो विझलेला असताना ॲन्टेना दिवसभर फिरवलात तरी काही दिसणार नाही. दुसरं, टी.व्ही.च्या यादीत 'केबल' निवडलेलं असेल तर ते बदलून 'ॲन्टेना' किंवा 'एअर' करायचं.

आणि तिसरं, प्रत्येक मुक्कामाला नव्यानं चॅनल शोधायला लावायचं. त्याला ते 'स्कॅन' म्हणतात. काल रात्री दिसत होतं ते आज दिसत नाही म्हणून पुष्कळ जण टी.व्ही. बिघडला असं समजतात. प्रत्येक गावचे मनोरे वेगळे आणि त्यांचे तरंगही वेगळे. शिवाय पडद्यावर जो आकडा दिसतो तो पुष्कळदा केवळ नाव म्हणून असतो, खरं प्रक्षेपण भलत्याच आकड्यावर चालतं. टी.व्ही.ला नवी यादी करायला लावली की तो आपलं आपण जुळवून घेतो. वर्तमानपत्रवाला गाव बदललं की बदलतो, तसंच हे. आधी ॲन्टेना वर, मग दिशा, मग स्कॅन, असा क्रम ठेवा. ॲन्टेना खाली असताना स्कॅन केलं तर यादी रिकामीच राहते.

दिशा कशी कळणार? अमेरिकी सरकारच्या दूरसंचार आयोगाचा, म्हणजे एफसीसीचा नकाशा इंटरनेटवर आहे. तिथे आपलं ठिकाण घातलं की कुठलं केंद्र किती जोरात येईल आणि मनोरा कुठल्या दिशेला आहे ते दिसतं. रेंज असते तेव्हाच, वाटेत, पुढच्या मुक्कामाचं पाहून घ्यावं. मग फोनमधलं होकायंत्र. इथे भूगोलाच्या बाईंची एक सूचना: मनोरा शहराच्या मध्यात असतो असं धरून चालू नका. डॅलसची केंद्रं शहराच्या नैऋत्येला सीडर हिल इथल्या टेकड्यांवर आहेत. लॉस एंजेलिसची माउंट विल्सनवर, शहराच्या ईशान्येला डोंगरात. सॅन फ्रान्सिस्कोचा सूट्रो मनोरा १९७३ पासून टेकडीवर उभा आहे. हे तरंग बहुतांशी सरळ रेषेत चालतात आणि पृथ्वी गोल असल्यामुळे साधारण ५०-६० मैलांपलीकडे, म्हणजे ८०-९५ किलोमीटरपलीकडे, मनोरा क्षितिजाखाली जातो. मध्ये डोंगर आला की संपलंच. मोठ्या राष्ट्रीय उद्यानांच्या दऱ्याखोऱ्यांत टी.व्ही. नाही दिसला तर कुणावर चिडू नका.

तळावर जागा निवडायची मुभा असेल तर मनोऱ्याच्या बाजूला दाट झाडी नाही अशी घ्या. ओली पानं तर फारच अडवतात. (मला विचाराल तर मी सावलीच निवडीन, पण हवामान खराब असेल त्या दिवशी उघडी जागा.) कधी कधी गाडी तीन-चार फूट पुढे-मागे घेतल्यानंसुद्धा चित्र येतं, कारण आजूबाजूच्या गाड्यांवर आपटून तरंग उलटसुलट येतात आणि एकमेकांना मारतात.

एवढं करूनही चित्र तुटत असेल तर वायरी पाहा. गाडी दिवसभर हादरत असते, मागचे स्क्रूसारखे जोड सैल होतात. हातानं घट्ट करा, पकड लावून आवळू नका. झोपायच्या खोलीत एक आणि बाहेर अंगणात बसायला एक असे दोन-तीन टी.व्ही. एकाच ॲन्टेनावर असतील, तर प्रत्येक फाट्यावर जोर वाटला जातो. नको असलेले फाटे काढून टाकावेत. आणि एक गंमत, स्वस्तातले एलईडी दिवे आणि फोनचे चार्जरही चित्रात खोडा घालतात. एकेक बंद करून पाहा. आमच्या वन्संच्या गाडीत ओट्यावरचा दिवा लावला की एनबीसी जात असे. बातम्या लागल्या की पोळ्या थांबत.

टी.व्ही. मुळीच पोचत नाही अशा जागेसाठी शंभर कामं सोडून एक हवामानाचा रेडिओ घ्या. सरकारी हवामान खात्याची केंद्रं १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमध्ये दिवसरात्र बोलत असतात. हा पट्टा साध्या रेडिओवर लागत नाही, वेगळा यंत्र घ्यावा लागतो. हातानं फिरवून चालणाराही मिळतो. त्यावरसुद्धा काउंटीच्याच नावानं बोलतात, तेव्हा फ्रिजवरचा कागद तिथेही लागेलच.

राहता राहिलं निघतानाचं. सकाळी चहा, अंघोळी, आवराआवर या गडबडीत ॲन्टेना वरच राहतो, आणि पहिल्याच झाडाच्या फांदीला किंवा पुलाला अडकून मोडतो. खाली घेण्याआधी तो पहिल्या दिशेला वळवावा लागतो. छतावर आणि मुठीवर बाणाची खूण असते, दोन्ही बाण समोरासमोर आले की मगच हँडल उलटं फिरवायचं. नाहीतर तो छपरावर आडवा बसतो आणि वाकतो. ॲन्टेना वर केला की लगेच गाडीच्या स्टिअरिंगला एक लाल फीत बांधून ठेवा, आणि तो खाली आल्याचं बाहेर उतरून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती कुणालाही सोडू देऊ नका, जावईबापूंनाही नाही.