झाकली मूठ कोणाची?

'झाकली मूठ सव्वा लाखाची' असं बाईला ऐकवणाऱ्यांना त्या मुठीत काय आहे, ते पक्कं ठाऊक असतं. नवऱ्याचं बाहेर काही आहे, हे सगळ्यांत शेवटी कळतं तिला, आणि गप्प बस म्हणून सगळ्यांत आधी सांगितलं जातं तेही तिलाच.

नात्यातल्या एका जोडप्याच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता. उखाण्याचा आग्रह झाला. तिने नाव घेतलं, टाळ्या पडल्या, आणि त्याच्या शेल्याची निसटलेली पिन तिने हसत हसत लावून दिली. निम्म्या हॉलला त्याचं प्रकरण माहीत होतं. माझ्या शेजारची पुटपुटली, "धन्य आहे हो हिची!" पलीकडची म्हणाली, "कणाच नाही. मी असते तर केव्हाच निघाले असते."

मला दोघींचंही पटलं नाही.

१९८२च्या 'उंबरठा' चित्रपटातली सुलभा नवऱ्याचं प्रकरण कळल्यावर निघाली खरी. पण घराबाहेर राहून नोकरी करण्याचा अनुभव तिच्या गाठीशी होता. इथे फ्लॅटचे हप्ते त्याच्या पगारातून जातात, मुलगी बारावीला आहे. अशा वेळी थांबणं हा हिशोब असतो, आणि हिशोब करणाऱ्या बाईला कणा नसतो हे कुणी ठरवलं?

"धन्य आहे" म्हणणारी मला जास्त खटकते. सोसण्याचं कौतुक फुकट असतं आणि फायदा नवऱ्याचा होतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं, तेव्हा 'आता बायकांना संरक्षण उरलं नाही' अशी हळहळ ऐकू आली. होतं कधी? त्या कलमाखाली बायकोला नवऱ्याविरुद्ध तक्रारच करता येत नव्हती. तक्रारीचा हक्क होता तो 'त्या' बाईच्या नवऱ्याला. ती अविवाहित असली, तर गुन्हाच नव्हता!

माझं म्हणणं एवढंच, की राहणं वेगळं आणि सोंग वेगळं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्याने बाईला सासरच्या सामायिक घरात राहायचा हक्क दिला आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. त्या हक्काला हसतमुख राहण्याची अट नाही. राहायचं तर खुशाल राहावं. उखाणा घेऊ नये, पिन लावू नये, त्याच्या अब्रूची राखण करू नये.

त्या वाढदिवसानंतर तिने बहिणीला सगळं सांगितलं. घर सोडलं नाही. परवा एका मुंजीला तो एकटाच आला. "वहिनी नाही आल्या?" या प्रश्नाला मांडवाच्या दारापासून पंगतीपर्यंत त्याने चार वेगवेगळी उत्तरं दिली.