हात कोण ठेवणार?

जयपूरच्या चारदीवारीत फिरायला गेलात तर गाईड पहिली दहा मिनिटे शहराच्या आखणीबद्दल बोलतो. १७२७ साली सवाई जयसिंगाने हे शहर वसवले, विद्याधर भट्टाचार्यांनी त्याची मांडणी केली, नऊ चौकड्या, सरळ रस्ते, धंद्यानुसार मोहल्ले. मग जंतरमंतर दाखवतो आणि सांगतो, राजा इतका मोकळ्या मनाचा की ताऱ्यांचा हिशेब तपासायला त्याने जेसुइट पाद्रीसुद्धा बोलावले होते.

हे खरे आहे. याच राजाने वैष्णव पंथांना वर्णाश्रमाच्या चौकटीत बसायला भाग पाडले, हेही खरे आहे, पण ते गाईड सांगत नाही. दरबारी कागद वाचणाऱ्या इतिहासकारांनी दाखवले आहे की जयसिंगाने पंथांच्या महंतांकडून जातीचे नियम पाळण्याच्या लेखी हम्या घेतल्या. त्यात रामानंदीही होते. सूरजपोलबाहेरच्या डोंगरात गलता ही त्यांची मोठी गादी. जी परंपरा कबीर आणि रैदास यांना रामानंदांचे शिष्य म्हणून मिरवते, तिला राजाच्या नजरेत शुद्ध ठरण्यासाठी हे लिहून द्यावे लागले. भजन कुणीही गावे, पण दीक्षा कुणी द्यायची आणि गादीवर कोण बसायचे, हे जात ठरवणार. (हायकोर्टातला मनूचा पुतळा चारदीवारीच्या बाहेर आहे. २०१८ मध्ये औरंगाबादच्या दोन बायांनी त्याला काळे फासले ते वाचकांना आठवत असेलच.)

याच वर्षांत दक्षिणेत, तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर, डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने चाललेल्या लुथरन मिशनमध्येही हाच प्रश्न उभा होता. पहिला देशी पाळक कोण? २८ डिसेंबर १७३३ रोजी आरोन यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना दीक्षा दिली गेली. ते भारतातले पहिले प्रोटेस्टंट देशी पाळक, आणि जातीने वेल्लाळ. १७४१ मध्ये दुसऱ्या पाळकाची वेळ आली. तंजावर भागात राजानायकन हा कॅटेकिस्ट होता. तंजावरच्या राजाच्या फौजेतला हा माणूस तमिळ शुभवर्तमान वाचून या मंडळीत आला आणि मार खात, धमक्या सोसत गावोगाव माणसे जोडत राहिला. त्याच्या लायकीबद्दल मिशनरींना शंका नव्हती. अडचण एकच होती, तो परैयार होता. त्याच्या हातून प्रभुभोजन घ्यायला वरच्या जातीचे ख्रिस्ती तयार होणार नाहीत, असे मिशनरींनी स्वतःच लिहून ठेवले आहे. दीक्षा दियोगोंना मिळाली, तेही वेल्लाळ. राजानायकन १७७१ मध्ये वारला, तोवर कॅटेकिस्टच राहिला.

महाराष्ट्राने यावर नाक मुरडू नये. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने १८५४ मध्ये पहिले दोन देशी पाळक दीक्षित केले, हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक. दोघेही ब्राह्मण. दोघांनी सोसले ते कमी नव्हते, त्यांच्या निष्ठेवर मी बोट ठेवत नाही. पण नगर जिल्ह्यात ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या त्या महार आणि मांग वाड्यांतून. वाड्यांनी मंडळी भरायची आणि वेदीपुढे पहिल्यांदा उभे राहायचे पंतांनी, हे चित्र लुथरन नसलेल्या आपल्या मिशनमध्येही तेच होते.

लुथरन चर्चचे प्रकरण अधिक बोचते, कारण लुथरचे म्हणणेच उलट होते. १५२० मध्ये त्याने लिहिले की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजकच आहे, पाळक आणि शेतकरी यांच्यात फरक आहे तो कामाचा, दर्जाचा नाही. १५२३ मध्ये तो म्हणाला, शिक्षक नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार मंडळीला आहे. पुढे १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाच्या चौदाव्या कलमात आले की रीतसर बोलावणे असल्याशिवाय कुणी चर्चमध्ये जाहीर शिकवू नये, संस्कार देऊ नयेत. त्या ‘रीतसर’मध्ये सगळी मेख आहे. रीत कुणाची?

इथे आपल्यातल्या पुष्कळांचे सोपे उत्तर असते, सत्ता बिशपकडून काढा आणि स्थानिक मंडळीला द्या. मला ते पटत नाही. राजानायकनला कुठल्या बिशपने अडवले नव्हते, तिथे बिशपच नव्हता. त्याला अडवले ते ‘मंडळीला चालणार नाही’ या वाक्याने. याउलट १८३३ मध्ये कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी वरून हुकूम काढला की चर्चमधली जात ताबडतोब आणि कायमची संपली पाहिजे. त्यावर तंजावर-मद्रासमधल्या अनेक वेल्लाळ कुटुंबांनी चर्च सोडले आणि पुढे लाइपझिगच्या लुथरन मिशनची वाट धरली. त्या मिशनची भूमिका होती की जात ही सामाजिक रीत आहे, ती हळूहळू जाईल. गावाच्या संमतीवर सोडले की गाव जातच निवडते, हे आपण पंचायतीपासून पाणवठ्यापर्यंत पाहिले आहे.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये पुरोहितशाहीबद्दल जे सुचवले ते म्हणूनच मला अजून उपयोगाचे वाटते. वंशपरंपरागत पुरोहितपण बंद करा, परीक्षा ठेवा, सनद द्या, संख्या कायद्याने ठरवा, पुरोहिताला सरकारी नोकरासारखे जबाबदार धरा. ते हिंदूंसाठी लिहिले होते. ख्रिस्ती मंडळ्यांतल्या जातीबद्दल आणि मिशनरींच्या तडजोडीबद्दलही त्यांनी वेगळे आणि कडक लिहिले आहे. सरकारने पाळक नेमावेत असे मी म्हणत नाही, आजच्या सरकारने तर नकोच. पण परीक्षा, सनद आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी चर्च स्वतः करू शकते.

परीक्षा आहेच. श्रीरामपूरच्या सेनेटशी संलग्न कॉलेजातून बी.डी. होते. त्या श्रीरामपूर कॉलेजला १८२७ मध्ये पदवीचा अधिकार दिला तोही डेन्मार्कच्या लुथरन राजाने. चेन्नईच्या गुरुकुल लुथरन थिऑलॉजिकल कॉलेजात तर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दलित धर्मशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, आणि त्याचे प्रमुख होते आपले मराठी अरविंद निर्मल. दलितांचे धर्मशास्त्र दलितांनीच करायचे, येशू स्वतः दलित होता, हे त्यांनी तिथे मांडले आणि पुढची पिढी त्यावर शिकली.

अडते ते पदवीच्या आधी आणि नंतर. आधी चर्चचे शिफारसपत्र लागते, म्हणजे कुणाला शिकायला पाठवायचे हे समिती ठरवते. नंतर उमेदवारीची वर्षे आणि दीक्षा, तीही समिती आणि बिशप ठरवणार. नाकारले तर कारण लेखी देण्याची रीत बहुतेक ठिकाणी नाही. ‘देवाचे पाचारण दिसत नाही’ एवढे पुरते. पाचारण देवाचे असेल, पण यादी तर माणसे टाइप करतात. दीक्षा मिळाली तरी मोठ्या शहरातली मंडळी कुणाला आणि तीन डोंगरांपलीकडची कुणाला, हेही तीच माणसे ठरवतात.

आणि दाद मागायची कुठे? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीत बसत नाही, म्हणून ॲट्रॉसिटीचा कायदा त्याच्यासाठी नाही. चर्च कलम २६ दाखवते, आमचा धार्मिक कारभार आम्ही पाहू. सरकार म्हणते तुमच्यात जात नाही, चर्च म्हणते हा आमचा अंतर्गत मामला. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही अट काढायला सांगितले, त्यालाही आता किती वर्षे झाली.

प्रशिक्षण दिले म्हणजे काम झाले असे मानणाऱ्यांनी तमिळनाडूकडे पाहावे. २००६ च्या सरकारी आदेशानंतर सर्व जातींच्या दोनशेहून अधिक तरुणांनी अर्चकांचे शिक्षण पूर्ण केले आणि मग ते वर्षानुवर्षे घरी बसले. मोठ्या संख्येने नेमणुका झाल्या त्या २०२१ मध्ये, सरकारने जोर लावला तेव्हा. पंढरपुरात बडवे-उत्पातांचे हक्क सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये संपवले, त्यानंतर मंदिर समितीने सर्व जातींच्या उमेदवारांना आणि बायकांना अर्ज करायला सांगितले.

तमिळ लुथरन चर्चला पहिला देशी बिशप, राजा मणिकम, मिळाला १९५६ मध्ये. आरोनपासून २२३ वर्षांनी. तोवर गोऱ्यांना म्हणता येत होते की दोष तुमचा. आता शिफारस करणारी समिती आपली आहे, बिशप आपला आहे, मतदार आपले आहेत. निदान पुढच्या सिनॉडला एवढे तरी विचारावे: गेल्या दहा वर्षांत किती जणांनी शिफारसपत्र मागितले, किती जणांना मिळाले, त्यांत बायका किती, आणि नाकारलेल्यांना काय कारण सांगितले. ही यादी कार्यालयात असणारच. ती सूचनाफलकावर लावा.