ट्रेनच्या वेटिंगला नंबर असतो; मेडिकलच्या आणि नोकरीच्या वेटिंगला काय असतं?

"नंबर लागना का भाऊ?"

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नरडाणा, शिंदखेडा किंवा बेटावदच्या चहाच्या टपरीवर हा प्रश्न कानावर पडला, तर समजून जा. ज्याला विचारलंय, त्याच्या घरी मेडिकलच्या यादीची वाट पाहणं चालू आहे. इंजिनीअरिंग झालेल्या पोराच्या वडिलांना हाच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारतात. "लेटर तर आलं होतं ना? मग जॉइनिंग कधी?"

नरडाणा हे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातलं गाव. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं स्टेशन आणि मुंबई-आग्रा महामार्गालगतची एमआयडीसी, ही त्याची ओळख. महामार्गानं एका बाजूला गेलं की धुळ्याचं सरकारी मेडिकल कॉलेज, दुसऱ्या बाजूला शिरपूरची इंजिनीअरिंग आणि फार्मसीची कॉलेजं. त्यामुळे घरातली एक मुलगी नीटच्या यादीकडे आणि तिचा भाऊ कंपनीच्या मेलकडे डोळे लावून बसलाय, हे इथं नवलाचं नाही.

दोन्हीकडे शब्द एकच वापरला जातो, 'वेटिंग'. पण या दोन वेटिंगमध्ये मोठा फरक आहे. गाव रेल्वेचं आहे, तर रेल्वेपासूनच सुरुवात करू.

रेल्वेचं वेटिंग: नंबर, वेळ आणि परतावा

तुम्ही तिकीट काढलं, वेटिंग 18 आलं. म्हणजे काय, ते तुम्हाला नेमकं कळतं. पुढच्यांनी तिकिटं रद्द केली की नंबर खाली येतो. तो मोबाईलवर दिसतो. निकाल कधी लागणार हेही ठरलेलं आहे. पूर्वी गाडी सुटायच्या 4 तास आधी चार्ट लागायचा, जुलै 2025 मध्ये तो 8 तास आधी लावायला रेल्वेनं सुरुवात केली. ऑनलाइन तिकीट चार्टनंतरही वेटिंगच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं आणि किरकोळ रक्कम कापून पैसे खात्यात परत येतात.

म्हणजे रेल्वे तीन गोष्टी देते. तुमचा नंबर, निकालाची वेळ आणि काम झालं नाही तर पैसे परत. या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

मेडिकल: रँक असते, वेटिंग नंबर नसतो

2025 च्या नीटला देशभरातून सुमारे 22 लाख 9 हजार विद्यार्थी बसले. त्यातले 12 लाख 36 हजार पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा मात्र साधारण सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे एका जागेमागे दहा पात्र विद्यार्थी. 2025 ला खुल्या गटात पात्र व्हायला 720 पैकी 144 गुण पुरेसे होते. म्हणून 'नीट क्वालिफाय झाला' म्हणजे 'डॉक्टर होणार' असं नाही. प्रवेशाच्या रांगेत उभं राहायची परवानगी मिळाली, एवढाच त्याचा अर्थ.

रांगाही एकापेक्षा जास्त. सरकारी कॉलेजांतल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. त्या दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजे एमसीसी भरते. एम्स आणि अभिमत विद्यापीठांच्या जागाही तीच भरते. उरलेल्या 85 टक्के सरकारी जागा आणि राज्यातल्या खासगी कॉलेजांच्या जागा मुंबईचा सीईटी सेल कॅप फेऱ्यांतून भरतो. एकच विद्यार्थी या दोन्ही रांगांत उभा असतो.

आता गोम बघा. राज्याच्या गुणवत्ता यादीत तुमचा क्रमांक असतो. पण 'धुळे कॉलेज, ओबीसी, वेटिंग 7' असं कुठंच लिहिलेलं नसतं. प्रत्येक फेरीत संगणक क्रमांक, प्रवर्ग आणि पसंतीक्रम घेऊन वाटप करतो. तुमच्या पुढचे किती जण धुळं सोडून पुण्याला जाणार आहेत, हे आधी कुणालाच माहीत नसतं. गावातला क्लासवाला "तुझं वेटिंग पन्नासवर आहे" म्हणतो, तेव्हा तो गेल्या वर्षीच्या कट-ऑफवरून अंदाज सांगत असतो.

एक हलला की पाच हलतात

यादी सरकते कशी, ते एका काल्पनिक साखळीतून पाहू. धुळ्यात प्रवेश घेतलेल्या मुलाला पुढच्या फेरीत पुण्याचं बी. जे. मेडिकल मिळालं. धुळ्याची जागा रिकामी झाली. ती नंदुरबारच्या मुलीला मिळाली. नंदुरबारची जागा खासगी कॉलेजातल्या मुलाला. त्याची जागा, बीडीएस घेऊन बसलेल्या मुलीला. एक मुलगा पुण्याला गेला आणि चार घरांत पेढे वाटले गेले.

म्हणून पहिल्या यादीत नाव नाही याचा अर्थ संपलं, असा होत नाही. पण यादी पूर्वीसारखी शेवटी एकदम सरकेल, अशी आशाही धरू नका. पूर्वी अखिल भारतीय कोट्यातल्या न भरलेल्या जागा दुसऱ्या फेरीनंतर राज्याकडे परत यायच्या आणि राज्याची यादी शेवटी झपाट्यानं खाली यायची. 2021-22 पासून त्या परत येत नाहीत. एमसीसीच त्या पुढच्या फेऱ्यांत भरते. दहा वर्षांपूर्वी मुलाला शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालेल्या काकांचा सल्ला आज लागू पडत नाही, त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण 70:30. पूर्वी उर्वरित महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ अशा विभागांत 70 टक्के जागा स्थानिकांना असायच्या. सप्टेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं ही पद्धत रद्द केली. आता सगळ्या महाराष्ट्राची एकच यादी. नरडाण्याच्या मुलीला सिंधुदुर्ग मिळू शकतं आणि लातूरच्या मुलाला धुळं.

जागा वाढल्यात, हेही खरं. 2018 पर्यंत खान्देशात सरकारी मेडिकल कॉलेज फक्त धुळ्यात होतं. 2018 ला जळगाव सुरू झालं, 2020 ला नंदुरबार. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात आणखी 10 सरकारी कॉलेजांचं उद्घाटन झालं आणि 900 जागांची भर पडली. पण रांगही मोठीच आहे.

वाट पाहायला पैसे लागतात

2024 चं उदाहरण घ्या. 5 मे ला परीक्षा झाली, 4 जूनला निकाल. पेपरफुटी आणि 1,563 विद्यार्थ्यांच्या वाढीव गुणांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. फेरपरीक्षा सगळ्यांची घ्यायची नाही, हे 23 जुलैला ठरलं. एमसीसीची नोंदणी सुरू झाली 14 ऑगस्टला. आणि शेवटच्या रिकाम्या जागा भरायला सर्वोच्च न्यायालयानं मुदत दिली ती 30 डिसेंबरची. मे ते डिसेंबर, आठ महिने!

या आठ महिन्यांत इंजिनीअरिंग, फार्मसी, बीएस्सी सगळ्यांचे प्रवेश संपून वर्ग सुरू झालेले असतात. ज्याच्या घरी पैसा आहे, तो एक जागा पैसे भरून धरून ठेवतो आणि दुसरीची वाट पाहतो. ज्याच्याकडे नाही, त्याला लवकर काहीतरी एक निवडावं लागतं.

खान्देशात याला कापसाचं गणित जोडलेलं आहे. यादी लागली की कॉलेजात हजर व्हायला मोजके दिवस मिळतात. मूळ कागदपत्रं आणि फी सोबत न्यावी लागते. हे घडतं ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. आणि घरात कापसाचा पैसा येतो दिवाळीच्या आसपास आणि नंतर. म्हणजे नंबर लागतो तेव्हा पैसा शेतात उभा असतो. मग नातेवाईक, पतसंस्था, सोनं. कॉलेज निघालं गोंदियाचं, तर प्रवासाचे दिवसही त्याच मुदतीतून जातात.

तरीही मेडिकलच्या वेटिंगबद्दल एक गोष्ट मान्य करावी लागेल. क्रमांक जाहीर असतो. वेळापत्रक लांबतं, पण असतं. जागा मिळाली की कॉलेजला ती द्यावीच लागते. रेल्वेच्या तीन गोष्टींपैकी निम्म्या तरी इथं मिळतात.

नोकरीचं वेटिंग: ना नंबर, ना तारीख

आता त्या भावाकडे वळू. कॅम्पसमध्ये कंपनी आली, परीक्षा झाली, मुलाखत झाली, ऑफर मिळाली. गावात पेढे वाटले. बऱ्याच कॉलेजांत 'एक विद्यार्थी, एक ऑफर' असा नियम असतो. म्हणजे ऑफर घेतली की पुढच्या कंपन्यांच्या मुलाखतींना बहुतेक दरवाजे बंद. मुलगा बांधला गेला. पण कंपनी बांधली गेली का?

2022 ला पास झालेल्या सुमारे 2,000 मुलांना इन्फोसिसची ऑफर मिळाली होती. जॉइनिंगची तारीख मात्र येईना. कुणी दीड वर्ष थांबलं, कुणी दोन. अखेर पुण्यातल्या 'नाइट्स' या आयटी कर्मचारी संघटनेनं केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. दिलेली प्रत्येक ऑफर पाळली जाईल, असं कंपनीचे सीईओ सलील पारेख यांनी ऑगस्ट 2024 मध्ये सांगितलं आणि 7 ऑक्टोबर 2024 ही तारीख मिळाली.

गोष्ट तिथंच संपली नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रातून 300 हून जास्त प्रशिक्षणार्थींना काढण्यात आलं. तीन संधी देऊनही ते अंतर्गत परीक्षा पास झाले नाहीत, असं कंपनीचं म्हणणं. नाइट्सच्या मते हा आकडा 700 च्या आसपास होता. काढलेल्यांमध्ये दोन-दोन वर्षं थांबलेली मुलंही होती.

विप्रोचं उदाहरण वेगळं. फेब्रुवारी 2023 मध्ये, वर्षाला साडेसहा लाखांची ऑफर घेऊन थांबलेल्या मुलांना कंपनीनं विचारलं: साडेतीन लाखांवर लगेच यायला तयार आहात का?

असं का होतं? आयटी कंपन्या कॅम्पसमधून मुलं निवडतात ती वर्षभर आधी, पुढच्या कामाच्या अंदाजावर. 2021-22 मध्ये कोरोनानंतर परदेशातून भरपूर काम येत होतं, म्हणून भरपूर ऑफर दिल्या गेल्या. 2023 मध्ये अमेरिका-युरोपच्या ग्राहकांनी हात आखडता घेतला. अंदाज चुकला कंपनीचा. त्याची भरपाई मात्र बिनपगारी घरी बसून मुलांनी केली, कारण जॉइन होईपर्यंत पगार सुरू होत नाही.

रेल्वेशी तुलना करून बघा. इथं नंबर नाही. चार्टची वेळ नाही. परतावा तर नाहीच. वर "सध्या काय करतोस?" हा प्रश्न आहे. आणि दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला गेलं, की बायोडाटातली ही दोन वर्षं मुलाच्याच खात्यावर मांडली जातात.

मग करायचं काय?

मेडिकलच्या रांगेत असाल तर:

1. पसंतीक्रम मनातल्या इच्छेप्रमाणे भरा. "हे मिळणार नाही" म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकू नका. वरचं कॉलेज मागितलं म्हणून खालच्या कॉलेजातली तुमची संधी कमी होत नाही. पण वर लिहिलेलं मिळालं, तर खालच्याचा विचारच होत नाही.

2. प्रवेश घेतल्यावर 'स्टेटस रिटेन्शन' फॉर्म विचार करून भरा. तो भरला की "हीच जागा मला हवी" असं ठरतं आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. नाही भरला आणि पुढच्या फेरीत नवी जागा मिळाली, तर जुनी आपोआप जाते. दोन्ही हातात राहत नाहीत.

3. एमसीसीची अनामत लक्षात ठेवा. सरकारी कोट्यासाठी खुल्या गटाला 10,000, राखीव गटांना 5,000 आणि अभिमत विद्यापीठांसाठी 2 लाख रुपये. फेऱ्या पुढे जातात तशी जागा सोडल्यावर ही रक्कम बुडू शकते. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

4. जातवैधता आणि नॉन-क्रीमीलेअर यादीच्या आधी हातात हवेत. नंबर लागून कागदासाठी जागा गेली, हे दुःख सगळ्यात वाईट.

5. घाबरून एजंटकडे जाऊ नका. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून हवा. कॅपबाहेर जागा 'पक्की' करून देणारा हे सांगत नाही.

ऑफर घेऊन थांबला असाल तर:

1. हातातला कागद वाचा. त्यावर जॉइनिंगची तारीख आहे, की 'नंतर कळवू' आहे? तारीख नसेल, तर नोकरी अजून हातात आलेली नाही.

2. तारीख मेलवर विचारा, फोनवर नको. उत्तर लेखी असू द्या.

3. शोध थांबवू नका आणि त्या पगाराच्या भरवशावर कर्ज काढू नका.

4. जॉइनिंगसाठी पैसे मागणारा मेल आला, तर तो फसवणुकीचाच समजा.

शेवटची तारीख लिहा

दहा जणांतल्या नऊ जणांना जागा मिळणार नाही, हे गणित कुठलाही सल्ला बदलू शकत नाही. कंपनीचा धंदाही कधी मंदावणारच. पण "नाही" हे वेळेत सांगणं तरी शक्य आहे. केंद्र आणि राज्याच्या फेऱ्या ठरलेल्या तारखेला संपवता येतात. कंपनीला ऑफर लेटरवर लिहिता येतं, की अमुक तारखेपर्यंत घेतलं नाही, तर मुलगा मोकळा आणि त्याला इतकी भरपाई. कॉलेजांनाही नियम बदलता येतो. जॉइनिंगची तारीख नसलेली ऑफर मोजायची नाही, त्या मुलाला पुढच्या मुलाखतींना बसू द्यायचं.

तीनशे रुपयांच्या तिकिटाला जे संरक्षण आहे, ते मुलांच्या दोन वर्षांना नाही. यंदा टपरीवर कुणी "नंबर लागना का?" विचारलंच, तर त्या घरावर काय चाललंय हे आता तुम्हाला माहीत आहे. पुढचा प्रश्न जरा जपून विचारा.